चार पानांचं लॅटिन

पुण्याहून परत आलं की आर्वीत लोक आधी बाकरवडी मागतात आणि मग विचारतात, "काय काय पाहिलं?" तर आधीच सांगून टाकते, मी शनिवारवाडा पाहिला नाही आणि पर्वतीही चढले नाही. पाच दिवसांत मी पाहिलं ते एक छापखाना, एक मंडई आणि एका बाईचे हात. बाकरवडी आणली होती, ती संपली. त्यामुळे आता नुसतं ऐकून घ्या.

जायचं कारण होतं माझं पुस्तक. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि मुलांसाठी गुणाकारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. एका पुणेकर छापखानेवाल्यांनी, दामल्यांनी, ते काढायचं कबूल केलं. त्यातलं शेवटचं प्रकरण माझ्या जिवाचं. त्याचं असं झालं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी सहावीतल्या मंदा नावाच्या मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, गुणाकाराले इंग्रजीत एवढं लांबलचक नाव काऊन?" आणि मी म्हणाले होते, "ते इंग्रजांना विचार, खाली बस." पोरगी खाली बसली ती बसलीच. पुन्हा वर्षभर तिनं हात वर केला नाही. ती खंत मला तीस वर्षं डाचत राहिली. निवृत्तीच्या आधी शाळेचं कपाट आवरताना कव्हर गेलेलं एक जुनं इंग्रजी अंकगणित सापडलं. त्यात डुप्लेशन, मीडिएशन, फेशियंट, फॅक्टम असे शब्द होते, आता कुणी वापरत नाही असे. सगळे लॅटिनमधून आलेले. त्यांच्यावर मी चार पानांचं प्रकरण लिहिलं. मंदाला उशिरा दिलेलं उत्तर म्हणा ना.

मंगळवार, बुधवार पेठ

पुण्यात पेठांना वारांची नावं आहेत, त्यामुळे मी मंगळवारी बुधवारात पोचले. गणपती नुकतेच गेले होते. रस्त्यात मांडवांचे खड्डे, त्यातून रिक्षा उड्या मारत चाललेल्या, आणि दुतर्फा टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं विकायला मांडलेलं. दामल्यांचा छापखाना एका बोळात, पहिल्या मजल्यावर. दारावर पाटी होती: "काम असल्यास बेल वाजवा. नसल्यास का आलात?"

दामले साठीचे, सडपातळ, चष्मा कपाळावर. मी सोबत आणलेली संत्री पुढं केली. त्यांनी ती मोजून घेतल्यासारखी पाहिली आणि म्हणाले, "अहो बाई, आपण गणिताच्या शिक्षिका ना?"

"हो."

"पुस्तकाची पानं किती झालीत?"

"बरोब्बर शंभर!" मी अभिमानानं सांगितलं. शंभर पानं बसावीत म्हणून मी दोन उदाहरणं गाळली होती.

"शंभराला सोळानं भागा बघू."

"सोळा सक शहाण्णव," तोंडातून आपोआप निघालं. "वर चार."

"ते वरचे चार आम्ही कुठे शिवायचे?"

मग त्यांनी मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. पुस्तक एकेक पान छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात आणि तो कागद घड्या घालून शिवतात. त्याला फॉर्मा म्हणतात. फार तर अर्धा फॉर्मा करता येतो, आठ पानांचा. शंभरात सहा फॉर्मे बसतात आणि चार पानं लोंबकळत राहतात. म्हणजे गुणाकारावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईनं स्वतःच्या पुस्तकाचा गुणाकार केला नव्हता! माय वं, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चार पानं कोरी सोडा की," मी म्हणाले.

"मी कोरी पानं सोडत नाही. लेखकाचं सांगून संपलं, अशी ती जाहिरात असते. एकतर चार पानं कापा, नाहीतर चार लिहा. आपलं शेवटचं प्रकरण चारच पानांचं आहे. गेलं तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

"माझ्या येईल ना!" मी एवढ्या जोरात म्हणाले, की आतल्या खोलीतला कागदांचा आवाज क्षणभर थांबला.

दामल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आधीचे सहा फॉर्मे तोवर छापून होतील, शेवटचा शनिवारी सकाळी मशीनवर चढवणार. पुढं दिवाळी अंक आहेत. चुकलात तर एकदम तुळशीचं लग्न लावूनच या."

खरी अडचण अशी, की लॅटिनचं मला माहीत होतं नव्हतं ते सगळं त्या चार पानांत संपलं होतं. त्यातही अर्धे अर्थ माझे मीच जुळवलेले. आणखी चार पानं आणू कुठून? तसं मी दामल्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी टेलिफोनच्या वहीतून एक नंबर काढून दिला. "वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक साठे. लॅटिन येणारा मला माहीत असलेला हा एकच माणूस. दहा वर्षं झाली, गवतावरच्या पुस्तकाची प्रुफं नेलीत, अजून परत दिलेली नाहीत. भेटले तर आठवण करा."

कर्वेनगर

माझी मुलगी पल्लवी कर्वेनगरात दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत जाते. तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं आणि दोघींच्या तोंडाला ओढण्या अशा करकचून बांधल्या, की फक्त डोळे उघडे. आर्वीत अशा निघालो असतो तर लोकांनी पोलिसांना बोलावलं असतं. इथं मात्र सगळ्याच पोरी तशा. सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरच्या दोन डोळ्यांनी मला चक्क "हाय आंटी" म्हटलं. पल्लवीची मैत्रीण होती म्हणे. या एकमेकींना ओळखतात कशा, देव जाणे.

रात्रीच्या आमटीत गूळ होता. मी पिशवीतून आमचं तिखट काढलं. तिन्ही पोरी माझ्याआधी त्यावर तुटून पडल्या, आणि त्यातली एक तर कोल्हापूरची होती.

जेवण झाल्यावर पल्लवी म्हणाली, "चल, नेटवर सर्च मारू." खालच्या सायबर कॅफेत तिनं लॅटिन, मल्टिप्लिकेशन असं काहीबाही टाईप केलं. बऱ्याच वेळानं पान उघडलं ते लॅटिन नाचाच्या क्लासचं. कमरेत हात घातलेलं जोडपं, आणि कोपऱ्यात 'पहिला तास मोफत'.

"जातेस का? फ्री आहे," पल्लवी म्हणाली. चावट कार्टी. आम्ही हसत हसत वर आलो आणि साठे सरांना फोन लावला. 'लॅटिन' एवढा शब्द काढला, तोच पलीकडून आवाज आला, "उद्या सकाळी सात. मंडई. अळूवालीपाशी." फोन बंद. माझं नावसुद्धा विचारलं नाही.

बुधवार, मंडई

मंडई मात्र बघत राहावी अशी आहे. मधोमध टॉवर, चारी बाजूंनी उंच ओट्यांवर बसलेले भाजीवाले, आणि भाजी अशी रचलेली, की हात लावायला जीव होऊ नये. आमच्या आठवडी बाजारात विकणारा आपल्याला हाका मारतो. इथं आपण उभं राहायचं आणि त्यांनी बघेपर्यंत थांबायचं.

अळूच्या जुड्यांपाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ देठ नखानं तपासत होते. मी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"लॅटिनचा आणि भाजीचा संबंध काय, असं वाटत असेल आपल्याला," साठे सर म्हणाले. "नवी वनस्पती सापडली की तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागतं, असा जगाचा नियम आहे. मला एक गवत सापडलं होतं, दीड वीत उंचीचं. त्याच्यासाठी लॅटिन शिकलो. गवताला त्याचं काही नाही. वाचा, काय लिहिलंय ते."

मी तिथंच उभ्यानं वाचायला लागले. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, की 'मल्टि' म्हणजे अनेक आणि पुढचा भाग 'ॲप्लिकेशन'मधला, म्हणजे अनेकदा लावणं.

"हे कुठून आणलंत?"

"अंदाजानं."

"अंदाजपंचे दाहोदरसे! बाई, छापलं असतं ना तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण मला घाम फुटला. तीस वर्षांनी मंदाला उत्तर देणार, आणि तेही चुकीचं! पानं कमी पडली हे नशीबच म्हणायचं.

सरांनी खांद्यावरची कापडी पिशवी काढली, झटकली आणि माझ्यासमोर तिची घडी घातली. मग घडीची घडी. "प्लिका म्हणजे ही. घडी. मुल्तुस म्हणजे पुष्कळ. पुष्कळ घड्या घालणं, ते मल्टिप्लिकेशन. आपण दुप्पट, तिप्पट म्हणतो ना? तोच विचार."

मग ते रंगात आले. जुने लोक गुणाकाराला 'डूकेरे' असंही म्हणायचे. त्याचा अर्थ हाताला धरून नेणं. तीनला पाचात घेऊन जा, म्हणजे तीन गुणिले पाच. आणि त्यातून जो बाहेर आणला तो 'प्रॉडक्ट'. गुणणारा तो फेशियंट, म्हणजे करणारा. आलेलं उत्तर ते फॅक्टम, म्हणजे केलेलं. हे दोन्ही शब्द मेले, त्यांचा भाऊ फॅक्टर तेवढा जिवंत आहे.

"आपल्या जुन्या संस्कृत गणितात गुणाकाराला हनन म्हणतात, वध म्हणतात," मी म्हणाले. "आपण संख्येला मारतो हो. त्यांनी हात धरून आत नेलं!"

साठे सर खो खो हसले. अळूवाली मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागली. तिनं हे बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं.

'सेस्क्वि' म्हणजे 'आणि वर अर्धा', हे त्यांनी सांगितल्यावर तर मला राहवेना. अहो, ही तर आपली दिडकी! आमच्या आजोबांच्या पिढीला दिडकी, अडीचकी, औटकी सगळे पाढे पाठ होते. औट म्हणजे साडेतीन. मी भर मंडईत म्हणून दाखवलं, "बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा." समोरच्या ओट्यावरचे म्हातारे भाजीवाले लगेच पुढचा धागा धरून म्हणायला लागले, ते थेट दहा औटे पस्तीसपर्यंत. शेवटी त्यांनी माझ्या हातावर दोन लिंबं ठेवली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मला मिळाला नव्हता.

एकच गाठ सुटेना. डुप्लेशन म्हणजे दुप्पट करणं, मीडिएशन म्हणजे अर्धं करणं. बेरीज, वजाबाकीसारख्या या दोन वेगळ्या क्रिया म्हणून शिकवत. "पण का?" मी विचारलं. "दुप्पट म्हणजे दोननं गुणलं, अर्धं म्हणजे दोननं भागलं. त्यात वेगळं शिकवण्यासारखं काय?"

"मी शब्दाचा अर्थ सांगितला. तसं का करत, ते तसं करणाऱ्याला विचारा."

"तो मेला असेल कधीच!"

"पुण्यात काही सांगता येत नाही," साठे सर म्हणाले आणि अळूची जुडी घेऊन निघून गेले. प्रुफांची आठवण मी मागून ओरडून केली. त्यांनी न वळता हात हलवला.

गुरुवार

दिवसभर पल्लवीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं. आधीची चार पानं दुरुस्त केली, नवी तीन झाली. चौथ्याशी गाडी अडली. संध्याकाळी पल्लवी आली, कुकर लावता लावता म्हणाली, "आई, आमच्या कॉम्प्युटरला पाढे येत नाहीत, माहितेय? तो आतमध्ये नुसतं डबल करतो आणि ॲड करतो. बस्स, तेवढ्यावर गुणाकार."

म्हणजे डुप्लेशन हिंजवडीला नोकरीला लागलं होतं! मला आनंद झाला, तेही लिहिलं. पण यंत्राच्या पोटातलं आर्वीच्या पोरांना दिसणार कसं? मला माणसाच्या हातातलं हवं होतं. रात्री तीन ओळी लिहिल्या, चार खोडल्या. चौथं पान कोरंच राहिलं.

शुक्रवार, पुन्हा बुधवार पेठ

"तीन पानं मिळाली," दामले म्हणाले. "चौथं?"

"संध्याकाळपर्यंत देते."

"संध्याकाळ सहाला होते आमच्याकडे." आणि बसायला खुर्ची आतल्या खोलीत आहे असं त्यांनी हातानं दाखवलं.

आत एक पन्नाशीची बाई जमिनीवर बसून फॉर्मे घडी करत होती. कागद उचलायचा, दुमडायचा, हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची. पुन्हा दुमडायचा, पुन्हा, आणि झाला. तीन घड्यांत सोळा पानं. दोनाची चार, चाराची आठ, आठाची सोळा. दर घडीला पानं दुप्पट आणि कागद अर्धा. मी बघतच राहिले.

"बसा न बाई, उभ्या काऊन?" ती म्हणाली.

"तुम्ही आमच्या तिकडच्या काय हो?"

"पुसदची. कमल नाव. अन् तुमी?"

"आर्वी!"

"माय वं!" म्हणून तिनं हातातली पट्टीच खाली ठेवली. लग्न होऊन आली, पंचवीस वर्षं याच खोलीत घड्या घातल्या. पुण्याचं सगळं आवडलं, वरण सोडून. मी पिशवीतलं उरलेलं तिखट तिला देऊन टाकलं.

बोलता बोलता ती उठली आणि भिंतीशी लावलेल्या थप्प्या मोजायला लागली. एकेका थप्पीत पंचवीस फॉर्मे. थप्प्या होत्या सोळा. तिनं थप्पीवर थप्पी चढवली, दोनाची एक. "आठ पन्नासच्या," ती पुटपुटली. बोटानं पुन्हा जोड्या लावल्या. "चार शंभराच्या. चारशे."

एक संख्या अर्धी, दुसरी दुप्पट. पुन्हा अर्धी, पुन्हा दुप्पट. मेलेला माणूस मेला नव्हता, तो बुधवार पेठेत थप्प्या लावत होता!

"अन् थप्प्या तेरा असल्या तर? जोड्या लागणार नाहीत," मी घाईघाईनं विचारलं.

"एक बाजूले ठेवाची," कमलताई म्हणाल्या. "पंचवीस. उरल्या बाराच्या सहा पन्नासच्या. त्याच्या तीन शंभराच्या. त्यातली एक बाजूले. उरल्या दोनाची एक दोनशेची. आता बाजूच्या मिळवाच्या. पंचवीस, शंभर अन् दोनशे. सव्वातीनशे."

मी मनात तेरा पंचविसं केलं. बरोबर सव्वातीनशे.

"कमलताई, हा गुणाकार कुणी शिकवला तुम्हाला?"

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "थट्टा करता काय बाई? मले गुणाकार येत नाही. चौथीत पाढे येईनात तं मास्तर म्हने, तुह्या डोक्यात गुणाकार शिरणार नाही, घरी शेण्या थाप. तवापासून शाळा सुटली. या तं नुसत्या थप्प्या."

मंदाला खाली बसवणारी मी, तो पुसदचा मास्तर मला परका थोडाच होता? अशा किती जणींच्या डोक्यात शिरत नाही म्हणून मी वहीवर लाल रेघ ओढली असेल. डोळ्यांत पाणी आलं. मग वाटलं, रडत काय बसायचं, पान लिही! एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर तिथंच बसून लिहून काढलं. सोळा थप्प्या, तेरा थप्प्या, बाजूला ठेवलेली एकेक थप्पी, सगळं. वर मथळा टाकला, 'कमलताईंचा गुणाकार'.

"तुमचं नाव घालू ना?"

"घाला. कोन वाचते?"

दामल्यांनी पान वाचलं, आतल्या दाराकडं एकदा पाहिलं आणि घड्याळ बघितलं. "पावणेसहा. पंधरा मिनिटं लवकर आलात. विदर्भात काही बिनसलंय का?"

शनिवार

संध्याकाळी परतीची गाडी होती. दुपारी निरोप घ्यायला छापखान्यात गेले तेव्हा शेवटचा अर्धा फॉर्मा छापून, वाळून आत आला होता. कमलताई त्याला दोन-दोन घड्या घालत होत्या. मी दारात उभी राहिले. एक, दोन, तीन, दहा, हात भराभर चालले होते. मग एका कागदावर थांबले.

त्यांनी घडी उलगडली. शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागल्या. मी जवळ जाऊन बसले. बराच वेळ लागला. ओठ हलत होते. तेरा थप्प्यांपाशी आल्या तेव्हा मान डोलवली.

"बाई, यात तं लिवलं का मले गुणाकार येते."

"येतोच. जुन्या लॅटिन पुस्तकांतला येतो तुम्हाला."

"पन मास्तर नाही म्हने."

"मास्तर चुकले, कमलताई. मीही मास्तरीणच आहे, मी सांगते."

त्यांनी तो कागद पुन्हा घडी केला, पट्टीनं दाबला, पण थप्पीवर ठेवला नाही. मांडीखाली सरकवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात बाहेरून दामल्यांचा आवाज आला, "कमल, हात का थांबले? किती घड्या झाल्या?"

कमलताईंनी भिंतीकडच्या थप्प्यांवरून एक नजर फिरवली, पदर खोचला आणि मोठ्यानं ओरडल्या,

"थांबा साहेब, गुणाकार करून सांगते!"